कामगार तंट्यात पहिला अर्ज कोणत्या न्यायालयात लावावा

कामावरून कमी केल्याचे पत्र हाती पडले की पहिली धावपळ होते ती वकील शोधण्याची किंवा युनियनच्या कार्यालयात जाण्याची, आणि अर्ज कोणत्या न्यायालयात लावायचा हा निर्णय दुसरेच कोणीतरी घाईत घेऊन टाकते. माझ्या पाहण्यातल्या एका यंत्रचालकाने बडतर्फीविरुद्ध थेट दिवाणी न्यायालयात दावा लावला होता आणि नोकरीवर परत घेण्याचा हुकूम मागितला होता. त्याची बाजू खरी होती, हजेरीची नोंद त्याच्या बाजूने होती, सोबतचे दोन कामगार साक्ष द्यायला तयार होते. तरीही कित्येक वर्षांनी दावा निकाली निघाला तो एवढ्याच कारणावर, की अशी मागणी मान्य करण्याचा अधिकारच त्या न्यायालयाला नव्हता. तोपर्यंत योग्य न्यायालयात जाण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि साक्षीदारांपैकी एक जण गाव सोडून गेला होता. ते प्रकरण मी आजही विसरलो नाही, आणि हे सारे सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

न्यायालयाचा अधिकार कायद्यातून येतो. समोरच्या पक्षाने हरकत घेतली नाही किंवा दोघांनीही संमती दिली, तरी नसलेला अधिकार त्यातून निर्माण होत नाही. विषयावर अधिकार नसताना दिलेला निकाल मुळातच निष्फळ असतो आणि तो आक्षेप अंमलबजावणीच्या टप्प्यावरही घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली किरण सिंग प्रकरणात सांगून ठेवले आहे. म्हणजे चुकीच्या न्यायालयात जिंकलेला कामगारही सुरक्षित नसतो.

महाराष्ट्रातल्या कामगारापुढे साधारणपणे कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय किंवा न्यायाधिकरण, वेतनाचे दावे ऐकणारा प्राधिकारी आणि दिवाणी न्यायालय अशी चार ठिकाणे असतात. त्यांतले आपले कोणते, हे ठरवण्यासाठी कागद-पेन घेऊन पुढील गोष्टी क्रमाने लिहून काढाव्यात: आपण कायद्याच्या अर्थाने कामगार आहोत का, आपला हक्क कोणत्या कायद्यातून आला आहे, आपल्याला नेमके काय मिळवायचे आहे, आणि घटना कुठे व कोणत्या तारखेला घडली.

कायद्याच्या अर्थाने कामगार कोण

नेमणूकपत्रावर लिहिलेल्या हुद्द्यावरून हा प्रश्न सुटत नाही. ‘असिस्टंट मॅनेजर’ असा हुद्दा असलेला माणूस दिवसभर बिलांच्या नोंदी करत असेल तर तो कायद्याने कामगार ठरू शकतो, आणि साधा ‘सुपरवायझर’ म्हणवणारा माणूस रजा मंजूर करत असेल, कामाचे वाटप करत असेल, शिस्तभंगाचा अहवाल पाठवत असेल, तर तो कामगार ठरेलच असे नाही. न्यायालय पाहते ते प्रत्यक्ष केलेल्या कामाचे मुख्य स्वरूप. अंगमेहनतीचे, कुशल किंवा अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचे काम करणारा माणूस व्याख्येत येतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा येत नाही. देखरेखीचे काम करणाऱ्याला पगाराचीही मर्यादा आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दरमहा १०,००० रुपये होती. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये ती १८,००० रुपये आहे. ही मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्यांना लागू आहे, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. साठ हजार रुपये पगार घेणारा कुशल तंत्रज्ञ केवळ पगार मोठा आहे म्हणून कामगार या व्याख्येबाहेर जात नाही, आणि तरीही असे कितीतरी तंत्रज्ञ ‘आपला पगार जास्त आहे, आपल्याला कामगार न्यायालय नाही’ अशा समजुतीने घरी बसून राहतात.

आपण कामगार आहोत हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. म्हणून मालकाचा लेखी जबाब येण्याची वाट न पाहता पुरावा आधीच गोळा करावा. रोजचे काम दाखवणाऱ्या नोंदवह्या, आपण वरिष्ठांना पाठवलेले अहवाल, आपली स्वतःची रजा कोण मंजूर करत होते ते दाखवणारे कागद, आणि आपल्या हाताखाली कोणी नव्हते हे सांगू शकणारा सहकारी, एवढ्या गोष्टींवर बहुतेक प्रकरणांत हा मुद्दा टिकतो. उलट, आपण स्वतः एखाद्या अर्जात ‘मी संपूर्ण विभाग सांभाळत होतो’ असे अभिमानाने लिहिले असेल, तर तोच कागद उलटतपासणीत समोर येतो.

काही नोकऱ्यांसाठी कायद्याने वेगळीच व्यवस्था केली आहे. शिक्षक हा कामगार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले. महाराष्ट्रातल्या खासगी शाळेतल्या शिक्षकाने किंवा शिक्षकेतर कर्मचाऱ्याने बडतर्फीविरुद्ध १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात अपील करायचे असते आणि त्याची मुदत अवघी ३० दिवसांची आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालच्या शिकाऊ उमेदवाराला नव्या संहितेने कामगाराच्या व्याख्येतून वगळले आहे.

कायदा राज्याचा की केंद्राचा

रेल्वे, खाणी, तेलक्षेत्रे, मोठी बंदरे, बँका, विमा, दूरसंचार आणि केंद्र सरकारचे उपक्रम यांच्या तंट्यांत ‘समुचित शासन’, म्हणजे ज्याच्या यंत्रणेकडे तंटा जातो ते सरकार, केंद्र सरकार असते, आणि त्यांची प्रकरणे केंद्रीय कामगार यंत्रणेकडे व केंद्राच्या न्यायाधिकरणाकडे जातात. महाराष्ट्रात अशी न्यायाधिकरणे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातल्या कामगाराचा संबंध राज्याच्या यंत्रणेशी असतो. इथे चूक क्वचितच होते, पण झाली तर सगळीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालय यांच्यातली सीमा

महाराष्ट्रात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. दोन्ही न्यायालये अनेक ठिकाणी एकाच इमारतीत बसतात, दोन्हीकडे तेच वकील दिसतात, आणि त्यामुळे अर्ज कोणत्या खिडकीवर दिला याने काय मोठा फरक पडणार असे वाटते. प्रत्यक्षात फरक मोठा पडतो.

महाराष्ट्र कामगार संघ मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ हा राज्याचा कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिली बाब बडतर्फीची किंवा कामावरून कमी करण्याची आहे. सूडबुद्धीने काढणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गोवून काढणे, उघडउघड खोट्या कारणावरून काढणे, बिनरजेचा गैरहजर असल्याचा खोटा आरोप ठेवून काढणे, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धाब्यावर बसवून चौकशी करणे, किरकोळ गैरवर्तनासाठी धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा देणे, असे प्रकार त्या बाबीत येतात. या एकाच बाबीची तक्रार कामगार न्यायालय ऐकते. दुसऱ्या व तिसऱ्या अनुसूचीतल्या आणि चौथ्या अनुसूचीतल्या बाकीच्या अनुचित प्रथांची तक्रार औद्योगिक न्यायालयाकडे जाते. वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरता कामगार म्हणून ठेवून कायम कामगाराचे हक्क नाकारणे ही त्यातली सहावी बाब आहे, आणि निवाडा, तडजोड किंवा करार यांची अंमलबजावणी न करणे ही नववी.

याचा प्रत्यक्ष अर्थ एका उदाहरणाने पाहू. एक कामगार आठ वर्षे तात्पुरता म्हणून राबला, त्याने कायम करण्याची मागणी केली आणि महिन्याभरात त्याला काढून टाकले. त्याला काढले त्याची तक्रार कामगार न्यायालयात लावावी लागेल. आठ वर्षे कायम केले नाही याची तक्रार औद्योगिक न्यायालयात. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालून कामगार न्यायालयात दिल्या, तर कायम करण्याची मागणी तिथे टिकणार नाही. अर्ज लिहिताना आपली खरी व्यथा काय आहे, आणि ती कोणत्या अनुसूचीच्या कोणत्या बाबीत बसते, हे आधी ठरवून मगच मजकूर लिहावा. ‘अन्याय झाला’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या बाबीतली अनुचित प्रथा कोणत्या कृतीने, कोणत्या तारखेला घडली, हे अर्जात दिसले पाहिजे.

या कायद्याखाली तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवसांची आहे. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण उशिराचा प्रत्येक आठवडा का गेला ते सांगता आले पाहिजे. बडतर्फीचा हुकूम निघेपर्यंत थांबलेच पाहिजे असेही नाही. आरोपपत्र किंवा कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि सारी कारवाई खोट्या आधारावर चालली आहे असे दाखवता येत असेल, तर त्या टप्प्यावरही तक्रार दाखल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हिंदुस्थान लिव्हरच्या प्रकरणात म्हटले आहे. अंतरिम आदेश देण्याचा अधिकार दोन्ही न्यायालयांना आहे, आणि माझ्या मते तक्रारीसोबत अंतरिम अर्ज द्यायचा की नाही याचा विचार पहिल्याच दिवशी झाला पाहिजे.

कामगार न्यायालयाच्या आदेशावर औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो आणि त्यापुढे उच्च न्यायालयात रिट याचिका. आदेश पाळला नाही तर मालकावर फौजदारी तक्रारही होऊ शकते, ज्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि देय रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

हा कायदा वापरण्याआधी त्यातले कलम ५९ मात्र वाचलेच पाहिजे. एकाच बाबीसाठी १९७१ च्या कायद्याखाली कारवाई सुरू केली की त्याच बाबीसाठी केंद्रीय कायद्याखाली दाद मागता येत नाही, आणि उलटही तसेच. म्हणजे ही निवड एकदाच करायची असते. सूडबुद्धी, खोटे आरोप किंवा सदोष चौकशी दाखवता येत असेल आणि ९० दिवस उलटले नसतील, तर राज्याच्या कायद्याची वाट जवळची आहे. नुकसानभरपाई न देता केलेली कामगार कपात यांसारख्या तांत्रिक बेकायदेशीरपणावरच सगळी भिस्त असेल, किंवा मुदत निघून गेली असेल, तर केंद्रीय कायद्याची वाट अधिक योग्य ठरते.

कापड गिरण्या आणि १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा ज्यांना लागू आहे असे काही उद्योग यांचा रिवाज आणखी वेगळा आहे. तिथे कामगाराने आधी मालकाला लेखी मागणी करायची असते, जिला सगळेजण ‘अ‍ॅप्रोच लेटर’ म्हणतात, आणि तिच्याशिवाय कामगार न्यायालयातला अर्ज टिकत नाही.

केंद्रीय कायद्याची वाट आणि २०२५ मधला बदल

१९४७ च्या कायद्याखाली तंटा आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही पक्षांत तडजोड घडवू पाहणाऱ्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, जात असे आणि समेट फसला तर शासन तो कामगार न्यायालयाकडे किंवा औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवत असे. दुसऱ्या अनुसूचीतले विषय, ज्यांत बडतर्फी आणि स्थायी आदेशांचा, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींच्या नियमांचा, अर्थ हे मुद्दे होते, कामगार न्यायालयाकडे. तिसऱ्या अनुसूचीतले वेतन, बोनस, कामाचे तास, कामगार कपात असे विषय न्यायाधिकरणाकडे. २०१० च्या दुरुस्तीने बडतर्फ कामगाराला समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनी थेट कामगार न्यायालयात जाण्याची मुभा दिली, आणि त्यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षांची मुदत होती.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने १९४७ चा कायदा रद्द केला. संहितेच्या रचनेत कामगार न्यायालय हा स्वतंत्र स्तर नाही. तिथे दोन सदस्यांचे औद्योगिक न्यायाधिकरण आहे, एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय. बडतर्फी, स्थायी आदेशांचा अर्थ, संप किंवा टाळेबंदीची बेकायदेशीरता, कामगार कपात व कारखाना बंद करणे आणि कामगार संघांचे तंटे दोघांनी मिळून ऐकायचे, उरलेले एका सदस्याने. शासनाने तंटा सोपवण्याची अट आता उरलेली नाही. समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत संबंधित पक्ष स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. नवी न्यायाधिकरणे स्थापन होईपर्यंत आधीची कामगार न्यायालये आणि न्यायाधिकरणे जुन्या व नव्या प्रकरणांचे काम पाहतील, असा आदेश केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये काढला.

या बदलात कामगाराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची गोष्ट मुदतीची आहे. ‘तीन वर्षे आहेत, बघू’ हा जुना दिलासा आता धरून बसू नये. तंटा उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकाऱ्याला कार्यवाही करता येत नाही, आणि बडतर्फ कामगाराला समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनी थेट न्यायाधिकरणाकडे जाता येत असले, तरी तो अर्ज बडतर्फीपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. माझा सल्ला असा, की बडतर्फीनंतर पहिल्या महिन्यातच सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. राज्याचा १९७१ चा कायदा केंद्रीय संहितेने नाव घेऊन रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. तरीही आपला अर्ज कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या न्यायालयात स्वीकारला जातो, हे दाखल करण्याच्या दिवशीच्या स्थितीप्रमाणे न्यायालयाच्या कार्यालयातून पक्के करून घ्यावे.

थकलेला पगार आणि इतर रकमा

तंटा फक्त पैशांचा असेल, तर न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याआधी वेतन संहिता, २०१९ पाहावी. तिच्याखाली वेतनाचे दावे राजपत्रित दर्जाचा प्राधिकारी ऐकतो. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, थकीत रकमेबरोबर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे, आणि वेतन दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. या संहितेतला ‘कर्मचारी’ औद्योगिक कायद्यातल्या कामगाराहून व्यापक आहे, कारण त्यात व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारेही येतात. त्यामुळे ज्या व्यवस्थापकाला बडतर्फीविरुद्ध कामगार न्यायालयात जाता येत नाही, तो थकलेल्या पगारासाठी या प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. राजीनामा दिला असो की कामावरून काढले असो, शेवटचे वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजे असेही ही संहिता सांगते.

मिळालेल्या निवाड्यातून किंवा झालेल्या करारातून येणे असलेल्या रकमेचे गणित करून मागण्यासाठी वेगळा अर्ज आहे. जुन्या कायद्यात तो कलम ३३-क च्या दुसऱ्या पोटकलमाखाली कामगार न्यायालयात होत असे, संहितेत ते काम न्यायाधिकरणाकडे आहे. या अर्जात हक्क आधीच ठरलेला असावा लागतो. दिल्ली महानगरपालिकेच्या १९९५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: समान कामाला समान वेतन मिळावे असा दावा ज्याचा हक्कच वादात आहे, तो या अर्जाने सुटत नाही. हिशोब मागायचा अर्ज हिशोबापुरताच ठेवावा. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि कामावरच्या अपघाताची भरपाई यांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेखाली स्वतंत्र प्राधिकारी आहेत.

दिवाणी न्यायालयाकडे काय उरते

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात घालून दिलेली रेषा आजही उपयोगी पडते. तंटा औद्योगिक विवाद नसेलच, तर दिवाणी न्यायालय हाच मार्ग. तो औद्योगिक विवाद आहे पण हक्क सर्वसाधारण कायद्यातून, म्हणजे कराराच्या कायद्यासारख्या कायद्यातून आला असेल, तर निवड अर्जदाराची. आणि हक्क औद्योगिक कायद्यानेच निर्माण केला असेल, तर दाद त्याच कायद्याच्या यंत्रणेकडे मागावी लागते. या तिसऱ्या वर्गात बहुतेक बडतर्फीची प्रकरणे मोडतात, आणि सुरुवातीला सांगितलेला यंत्रचालक नेमका तिथेच अडकला.

व्यवस्थापकाला मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि तिथे काय मिळू शकते हे त्याने आधीच मनाशी ठरवावे. खासगी नोकरीचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे तत्त्व तसे आहे. त्यामुळे नोकरीवर परत जाण्याची मागणी तिथे सहसा मान्य होत नाही, मिळते ती नोटिशीच्या काळाच्या पगाराइतकी किंवा कराराच्या भंगामुळे झालेल्या नुकसानीइतकी भरपाई. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. दाव्यात मागणी लिहितानाच ती पैशांच्या भाषेत लिहिली, तर अधिकारक्षेत्राची निम्मी हरकत तिथेच संपते.

कोणत्या गावचे न्यायालय

नोकरी सुटली की माणूस गावी परततो आणि जवळच्या जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज लावावा असे त्याला साहजिकच वाटते. मी त्याची अडचण समजू शकतो, कारण प्रत्येक तारखेला दोनशे किलोमीटर जाण्यायेण्याचा खर्च बेकार माणसाला परवडत नाही. तरीही तिथे अर्ज लावू नये. इंडोफॉस इंडस्ट्रीजच्या प्रकरणात गाझियाबादला कामाला असलेल्या आणि तिथेच काढून टाकलेल्या चालकाने नंतर दिल्लीला राहायला जाऊन तिथून मागणीपत्र पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले, की एवढ्याने दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार मिळत नाही. पाहायचे ते हे, की काम कुठे होते आणि काढल्याचा परिणाम कुठे झाला.

मात्र निर्णय एका ठिकाणी आणि परिणाम दुसऱ्या ठिकाणी असेल तर दोन्ही ठिकाणांना अधिकार असू शकतो. गरवारे पॉलिएस्टरच्या २०१६ च्या प्रकरणात कामगार पुदुच्चेरीला नेमणुकीवर होता, पण तिथले कार्यालय बंद करण्याचा निर्णय औरंगाबादला झाला होता; औरंगाबादचे कामगार न्यायालयही तक्रार ऐकू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणून बडतर्फीचे पत्र कोठून निघाले, त्यावर कोणाची सही आहे आणि लिफाफ्यावर कुठल्या टपाल कार्यालयाचा शिक्का आहे, हे जपून ठेवावे. बाहेरगावी बदली झालेल्या कामगाराला हा लिफाफाच कधी कधी घराजवळचे न्यायालय मिळवून देतो.

कंत्राटी कामगाराची अडचण

कंत्राटदाराच्या नावाने पगार घेणाऱ्या कामगाराला वाटते, की आपण खरे तर मूळ कंपनीचेच कामगार आहोत, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण १९७१ च्या कायद्याखाली मूळ कंपनीविरुद्ध तक्रार लावली आणि कंपनीने मालक-नोकर हे नातेच नाकारले, तर ते नाते ठरवणे त्या तक्रारीच्या कक्षेत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या दोन प्रकरणांत सांगितले. कंत्राट केवळ दिखाऊ आहे का हा प्रश्न आधी औद्योगिक न्यायाधिकरणाकडून सोडवून घ्यावा लागतो. त्याच वर्षी स्टील अथॉरिटीच्या प्रकरणातही हाच मार्ग दाखवला गेला. मला ही स्थिती कंत्राटी कामगारावर भार टाकणारी वाटते, कारण ज्याच्याकडे सर्वांत कमी कागद आहेत त्यालाच दोन टप्प्यांची लढाई करावी लागते. पण म्हणूनच त्याने पहिल्याच पावलाला औद्योगिक विवादाचा मार्ग धरावा आणि गेट पास, कंपनीच्या अधिकाऱ्याने कामाचे आदेश दिल्याचे संदेश, कंपनीच्या यंत्रांवरच्या नोंदी हे सारे नोकरीत असतानाच जमवून ठेवावे.

अर्जात अधिकारक्षेत्र कसे लिहावे

बहुतेक अर्जांच्या शेवटी ‘या न्यायालयास अधिकारक्षेत्र आहे’ असे एक ठरावीक वाक्य असते आणि ते कोणी वाचतही नाही. त्याऐवजी पूर्ण परिच्छेद लिहावा. त्यात अर्जदार कोणते काम करत होता, कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेपासून. घटना कोणत्या तारखेला घडली. हक्क कोणत्या कलमातून आला. मुदतीत अर्ज आला आहे की विलंब माफीचा अर्ज सोबत आहे. आणि याच बाबीसाठी दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली कारवाई सुरू नाही, हे सारे तथ्यांसह यावे. शेवटच्या वाक्याला कलम ५९ मुळे विशेष महत्त्व आहे.

मालक बहुधा अधिकारक्षेत्राची हरकत घेऊन ती प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ऐकावी असा अर्ज देतो. त्या मुद्द्यावरचा आदेश उच्च न्यायालयात जातो, आणि मूळ तक्रार जागच्या जागी राहते. १९८३ साली डी. पी. माहेश्वरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगार न्यायाधिकरणांना बजावले होते, की प्राथमिक आक्षेप वेगळे काढून वर्षे घालवू नयेत, सगळे मुद्दे एकत्र ठरवावेत. कामगाराच्या बाजूने हा निकाल दाखवून आग्रह धरावा, विशेषतः ‘कामगार आहे की नाही’ यासारखा पुराव्यावर अवलंबून असलेला मुद्दा असेल तेव्हा. हरकत मात्र कायद्याच्या शुद्ध प्रश्नावर असेल आणि ती खरी असेल, तर ओढून धरू नये.

चूक झालीच आहे असे लक्षात आले, तर ती कबूल करण्यात जितका उशीर तितके नुकसान अधिक. दिवाणी न्यायालयाला अधिकार नसल्याचे दिसले तर वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत मागता येते, आणि कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात लावलेला चुकीचा अर्ज योग्य ठिकाणी जाण्याची मुभा राखून मागे घेता येतो. अशी परवानगी न मागता अर्ज नुसता मागे घेऊ नये. आदेशाच्या मजकुरात ती मुभा शब्दशः आलेली आहे का, हे प्रत हातात घेऊन वाचावे. चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ पुढच्या ठिकाणी विलंब माफीचे कारण म्हणून मांडता येतो, पण तो प्रामाणिकपणे आणि लक्ष देऊन घालवलेला होता हे दाखवावे लागते. त्यासाठी पहिल्या प्रकरणाच्या दाखल दिनांकाची पावती, रोजनाम्याच्या प्रमाणित नकला आणि परतीच्या आदेशाची प्रत नव्या अर्जाला जोडावी, आणि तो नवा अर्ज परतीच्या आदेशानंतर शक्य तितक्या लवकर, त्याच आठवड्यात दिला तर उत्तम, दाखल करावा.